अ‍ॅप ‘तुमचं’ म्हणून दाखवतील, पण ते तुमचं नसेल

‘कोडिंगचा गंध नसला तरी चालेल, नोकरीची हमी’ असं सांगून अ‍ॅप बनवायला शिकवणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेनं माझ्याकडून ७२,२६९ रुपये उकळले. सीट बुकिंगचे २,९९९, हप्त्यांत ६०,०००, अ‍ॅप प्ले स्टोअरवर चढवण्याचे ७,५०० आणि सर्टिफिकेटचे जीएसटीसह १,७७०. मोफत वेबिनार, ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’, ग्रुपवर ऑफर लेटरचे स्क्रीनशॉट, हे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. खरी मेख पहिल्याच वर्गात होती.

त्या वर्गात एक झिप फाइल दिली. ती अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे अ‍ॅप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडायची, स्ट्रिंग्ज नावाच्या फाइलमध्ये अ‍ॅपचं नाव बदलायचं, रंगाचा एक कोड बदलायचा आणि वरचा हिरवा त्रिकोण दाबायचा. फोनवर स्वतःच्या नावाचं अ‍ॅप उघडतं. सगळा वर्ग खूश. तिथेच संशय यायला हवा होता, कारण कुणाच्याही स्क्रीनवर चूक दाखवणारी एकही लाल ओळ आली नाही. नव्या माणसाचा पहिला दिवस असा जातच नाही. प्रोजेक्टची जुळणी करणारा ग्रेडल सिंक अडकतो, जावाची आवृत्ती जुळत नाही, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, सुरू केला की सगळं गोठतं, फोनवर यूएसबी डीबगिंग चालू करायचं राहून जातं. या अडचणी सोडवता सोडवताच माणूस शिकतो. जिथे चूक होऊच देत नाहीत, तिथे शिकवत नाहीत, तयार माल दाखवतात. पण ज्यानं आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही, त्याला हे कसं कळावं? ‘शिकलेली माणसं फसतात कशी’ असं विचारणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

पुढे तेच. व्हेरिएबल, फंक्शन, लिस्ट या कोडिंगच्या मूळ गोष्टींवर जेमतेम दोन तास, मग थेट ‘प्रोजेक्ट’. तो प्रोजेक्ट म्हणजे एकच अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे अ‍ॅपचा एकच पडदा, तिच्यात वेबपेज दाखवणारी चौकट, म्हणजे वेबव्ह्यू, आणि त्यात संस्थेच्याच सर्व्हरवरच्या पानाचा पत्ता. सर्व्हर बंद झाला की अ‍ॅप कोरं. नुसतं वेबपेज गुंडाळलेली अशी अ‍ॅप्स गूगल धोरणावर बोट ठेवून काढूनही टाकतं. तुम्हाला कुणी ‘तुमचं’ अ‍ॅप दिलं तर आधी पॅकेज नेम, म्हणजे अ‍ॅपची ओळख सांगणारं आतलं नाव, बघा. त्यात संस्थेचं नाव असेल तर ते अ‍ॅप बहुधा त्यांचं आहे. अ‍ॅपवर डिजिटल सही करायची कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड मागा. द्यायला टाळाटाळ केली की समजून जा.

७,५०० रुपयांचा तर संताप येतो. गूगलचं डेव्हलपर अकाउंट उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, आयुष्यभरासाठी. अ‍ॅपलचे वर्षाला ९९ डॉलर, पण आयफोनचं नावही अभ्यासक्रमात नव्हतं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान १२ माणसं, सलग १४ दिवस. हे एका शब्दानं सांगितलं नाही, कारण माझं अ‍ॅप चढवलं त्यांच्याच जुन्या अकाउंटवरून. आता त्यात एक अक्षर बदलायचा मला अधिकार नाही.

हप्त्यांचा डाव त्याहून वाईट. ‘फी भरायची सोय’ म्हणून ओटीपी घेतला, ते प्रत्यक्षात माझ्या नावावरचं कर्ज होतं. पैसे एकरकमी संस्थेच्या खात्यात, दरमहा ५,००० माझ्या खात्यातून. ओटीपीच्या मेसेजमध्ये ‘लोन’ हा शब्द असेल तर फोन ठेवा. की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. कर्ज विनादंड परत करायची मुदत किती, ते त्यात लिहिलेलं असतं. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं. मला हे स्टेटमेंट मिळालं तेव्हा मुदत उलटून गेली होती.

तक्रार करायला गेलात तर चेंडूसारखे टोलवले जाल. चौकीत म्हणाले, दिवाणी मामला आहे. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच भरलेत, वर्गही झाले, मग फसवणूक कसली? कर्ज देणारी वित्त कंपनी म्हणते संस्थेशी भांडा, संस्था म्हणते ‘सेवा पुरवली आहे’. त्या एका वाक्यावर तक्रार बंद! झिप फाइल म्हणजे सेवा का, हे तपासायला एकाही साहेबाला सवड नाही. हप्ता चुकला की मात्र वसुलीवाल्याला माझा नंबर त्याच दिवशी सापडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांना नोकरीची खोटी हमी जाहिरातीत देण्यास मनाई केली. जाहिराती आजही चालू आहेत.

तरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कराच, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. जाहिरात, पावत्या, चॅट आधी उतरवून ठेवा, कारण तक्रार केली की संस्थेच्या पोर्टलचं लॉगिन बंद होतं आणि रेकॉर्ड केलेले वर्गही त्याच्यासोबत जातात.

आणि शिकायचंच असेल तर अँड्रॉइड स्टुडिओ फुकट आहे, अ‍ॅप बनवायचं दुसरं साधन फ्लटर फुकट आहे, कॉटलिन ही भाषा आणि अ‍ॅपचे पडदे रचायचं कंपोज पहिल्या ओळीपासून शिकवणारा गूगलचा स्वतःचा अभ्यासक्रमही फुकट आहे. आधी महिनाभर नुसतं कॉटलिन करा. मग टिप कॅल्क्युलेटर, मग फोनमध्येच माहिती साठवणारा रूम डेटाबेस वापरून साधी खर्चवही. रिकाम्या प्रोजेक्टपासून, झिप न उघडता.