टेक्का सेंटर, सिंगापूर: ताजी मासळी, बिर्याणी आणि ट्रे ठेवायच्या दोन रॅक

सिंगापुरात नवीन आलेल्या मराठी माणसाचा पहिल्याच आठवड्यात फोन येतो: ताजे मासे कुठे मिळतात? टेक्काला जा, हे माझं उत्तर ठरलेलं आहे. टेक्का सेंटर म्हणजे मासळी-मटणाचा बाजार, खाण्याचे गाळे आणि कपड्यांची दुकानं, सगळं एकाच इमारतीत. लिटल इंडिया एमआरटी (मेट्रो) स्टेशनच्या सी एक्झिटने बाहेर पडायचं आणि बफेलो रोडवरच्या भाजीवाल्यांच्या रांगेतून चालत राहायचं. पण टेक्काला मी पाच तारे देते ते निव्वळ मासळीसाठी नाही. चार धर्मांची माणसं आपापले नेम न मोडता एकाच टेबलावर कशी जेवतात, हे बघायला या शहरात याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

आधी मासळीबाजार. मी वेंगुर्ल्याची. त्यामुळे कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा घेत नाही, आणि इथे कोणी त्यावर तोंड वाकडं करत नाही. सुरमई, बांगडा, पापलेट, कोळंबी, खेकडे सगळं मिळतं. मलाय नावं येत नसतील तर बोट दाखवा. माझे नेहमीचे मासेवाले चिनी आहेत, सत्तरीला टेकलेले. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही म्हणते. तमिळ आजी समोर आल्या की ते भाव तमिळमध्ये सांगतात, मलाय बाई आली की मलायमध्ये. मला फक्त "करी ऑर फ्राय?" एवढंच विचारतात. करी म्हटलं की तुकड्या जाड पडतात आणि डोकं दोन फाकी करून वेगळ्या पिशवीत येतं. फ्राय म्हटलं की सुरी तिरकी धरून पातळ काप. डोकं टाकू नका, हे सांगावं लागत नाही. इथली प्रसिद्ध फिश हेड करीच मुळी एका मल्याळी माणसाने चिनी गिऱ्हाइकांची आवड ओळखून सुरू केली असं सांगतात.

एक सल्ला: चिनी नववर्षाच्या आधी पंधरा दिवस पांढऱ्या पापलेटच्या वाटेला जाऊ नका. सणाच्या जेवणात वाफवलेलं अख्खं पापलेट लागतं, त्यामुळे भाव कडाडतात. तेव्हा बांगडा घ्या.

मटणाचे गाळे फार चांगले, बहुतेक भारतीय मुसलमानांचे. डुकराच्या मांसाचे गाळे वेगळ्या भागात आहेत, म्हणजे मलाय गिऱ्हाइकाला तिकडे न फिरकता सगळा बाजार करता येतो. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, केळीची पानं, विड्याची पानं, गजरे हे सगळं बाहेर बफेलो रोडवर. गणपतीच्या आदल्या दिवशी तिथे इतकी मराठी ऐकू येते की नवीन माणसाला ओळखी करून घ्यायला तो दिवस उत्तम.

आता खाणं. तळमजल्यावरच फूड सेंटर आहे. पंखे आहेत, एसी नाही, आणि दुपारी बारा ते दोन घाम निथळतो. बिर्याणी साधारण सात-आठ डॉलरला आणि दोघांना पुरेल इतकी. पराठ्यासारखा प्राटा, दोसा, इंडियन रोजाक (गोड-तिखट सॉसमध्ये बुडवून खायची भजी), चिनी डक राइस, वर उंचावरून ओतून फेसाळवलेला तेह तारिक, म्हणजे दुधाचा चहा. शाकाहारी माणसाने काळजी करू नये, दक्षिण भारतीय गाळे आहेतच. शिवाय अनेक चिनी बौद्ध त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, आपल्याकडे संकष्टी-एकादशी पाळतात तसं. त्यामुळे 'आज व्हेज' म्हटल्यावर इथे कोणी कारण विचारत नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसातले आम्ही चौघं गेलो होतो. मलाय सहकारिणीने हलाल प्रमाणपत्राची पाटी बघून बिर्याणी घेतली, तमिळ मित्राने पेपर दोसा, चिनी मित्राने डक राइस, मी प्राटा आणि फिश करी. टेबल एकच. जेवण झाल्यावर चिनी मित्र स्वतःचा ट्रे उचलून लांबच्या रॅककडे गेला, आम्ही तिघं जवळच्या. ट्रे परत ठेवायच्या रॅक दोन असतात, एक हलाल आणि एक बिगर हलाल, म्हणजे भांडी एकत्र होत नाहीत. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, गप्पाही थांबल्या नाहीत. मला टेक्काची हीच व्यवस्था सर्वांत जास्त आवडते. 'आम्ही काही पाळत नाही, तुम्हीही पाळू नका' असा आग्रह इथे नाही. ज्याला जे पाळायचं आहे ते पाळायची सोय करून दिली आहे, आणि ती सोय सगळ्यांनी मिळून सांभाळायची आहे.

हे आपोआप झालेलं नाही. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना १९७१ ते १९८६ या काळात नळ आणि गटार असलेल्या अशा सेंटरांमध्ये गाळे दिले गेले. टेक्काची आताची इमारत १९८२ ची. दादर स्टेशनबाहेरची रोजची पळापळ पाहिलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. ट्रे जागेवर न ठेवल्यास सप्टेंबर २०२१ पासून कारवाई होते: पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा तीनशे डॉलर दंड. दंड हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे. टेबलं पुसणारे बरेच जण वयस्कर आहेत, आपलं उष्टं त्यांनी का उचलावं?

वरच्या मजल्यावर साड्या, कुर्ते आणि शिंपी. जुलैच्या मध्यात तिथे शाळकरी मुलांच्या कपड्यांची झुंबड असते. २१ जुलैला शाळांमध्ये रेशियल हार्मनी डे, म्हणजे वांशिक सलोखा दिन असतो आणि मुलं एकमेकांचे पोशाख घालून जातात. माझ्या मजल्यावरच्या चिनी शेजारणीला मुलीसाठी परकर-पोलकं हवं होतं, तेव्हा आम्ही दोघी गेलो. शिंप्याने बाह्या तिथल्या तिथे आखूड करून दिल्या. ही तारीख कुठून आली ते तिनेच मला सांगितलं: १९६४ साली याच दिवशी मलाय आणि चिनी लोकांमध्ये दंगल पेटली आणि २३ माणसं गेली. सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत कोणत्या समाजाची किती कुटुंबं राहू शकतात, याची मर्यादा १९८९ पासून आहे. तिची-माझी भिंत एकच आहे, त्यातही या नियमाचा वाटा असणारच.

तरी मला खटकणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली: सरकारी कागदावर आम्ही सगळे 'इंडियन'. शाळेत मातृभाषा म्हणून तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येतात, मराठी नाही. माझा मुलगा हिंदी शिकतो, आणि मराठी आम्ही रविवारी घरी बसून घोटतो. संख्या कमी आहे हे कळतं, पण म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही.

दुसरी जास्त गंभीर आहे. रविवारी संध्याकाळी टेक्का आणि आजूबाजूचे रस्ते तमिळ आणि बांगलादेशी बांधकाम कामगारांनी भरून जातात. हे शहर त्यांनी बांधलं, पण घरांच्या त्या नियमात ते कुठेच नाहीत. ते राहतात लांबच्या डॉर्मिटरींमध्ये, म्हणजे कामगारांच्या वसतिगृहांमध्ये. ८ डिसेंबर २०१३ ला इथून जवळच बसखाली एक कामगार गेला आणि दंगल झाली, त्यानंतर या भागात दारूविक्रीवर निर्बंध आले. २०२० च्या कोविडच्या साथीत सिंगापूरचे बहुसंख्य रुग्ण याच डॉर्मिटरींमधले होते, आणि शहरात मोकळेपणाने फिरायची परवानगी त्यांना इतरांच्या खूप नंतर मिळाली. सलोख्याचं कौतुक करणाऱ्या माझ्या ओळखीच्या कित्येक लोकांना, आपल्या मराठी लोकांनाही, रविवारची ही गर्दी नको असते. "त्या दिवशी तिकडे नको, फार लेबर असतं," हे वाक्य मी इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपमध्ये वाचलेलं आहे. असं लिहू नका. टेक्का त्यांचंही आहे, आणि निदान इथे तरी ते आपल्याच टेबलावर बसून तीच बिर्याणी खातात.

जायचं असेल तर मासळीसाठी सकाळी नऊच्या आत पोचा. सोमवारी बाजारातले बरेच गाळे बंद असतात. सुटे पैसे ठेवा. टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे, तिथे बसू नका. आणि रविवारी संध्याकाळी गेलात तर जेवण झाल्यावर गप्पांसाठी टेबल अडवून ठेवू नका. मागे ताट घेऊन उभ्या असलेल्यांची बहुतेकदा आठवड्याची ती एकच सुट्टी असते.