बेसमेंट सुकवून देतो म्हणणाऱ्याकडून झालेली फसवणूक

ठाण्यात पाचपाखाडीला आमची जुनी सोसायटी आहे. तिच्या बेसमेंटमध्ये पार्किंग, पंपांची खोली आणि तळमजल्यावरच्या तीन दुकानदारांची गोदामे आहेत. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की आमच्या बाजूच्या नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, उलटे फिरते. २६ जुलै २००५ ला ते रॅम्पच्या तोंडाशी थांबले होते, असे जुने सभासद सांगतात. गेल्या पावसाळ्यात मात्र ते आत शिरले आणि अडीच फूट चढले. मी सोसायटीचा खजिनदार आहे आणि पुढे जे चेक गेले त्यांवर माझी सही आहे, त्यामुळे हे लिहिण्याचे कामही माझ्याकडेच येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विमा कंपनीला कळवण्याआधीच एक गृहस्थ गेटवर हजर झाले. छापील लेटरहेड, गळ्यात ओळखपत्र, मोबाइलमध्ये इतर इमारतींचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. ‘साहेब, तुमच्या खिशातून एक रुपया जाणार नाही, सगळे विम्यातून मिळवून देतो,’ हे त्यांचे पहिले वाक्य होते. दुसरे वाक्य निम्मी रक्कम आगाऊ देण्याबद्दलचे होते. या दोन वाक्यांतली विसंगती चौदा जणांच्या कमिटीत एकाच्याही लक्षात आली नाही, कारण खाली पाणी होते, वर सभासद ओरडत होते आणि कोणीतरी ‘मी करतो’ म्हणत होता. ३ लाख ६० हजारांच्या कोटेशनवर आम्ही त्याच दिवशी सही केली. दुसरे कोटेशन मागवले नाही. जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्रातला आहे, एवढे पाहून मी समाधानी झालो. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकायला दोन मिनिटे लागतात. मी तो दोन महिन्यांनी टाकला, तेव्हा समोर वेगळ्याच नावाचा आणि रद्द झालेल्या नोंदणीचा तपशील आला.

पाणी उपसण्याचे काम खरे झाले, ते नाकारण्यात अर्थ नाही. तेही सरळ झाले नाही म्हणा, कारण त्यांच्या माणसांनी डिझेल पंप थेट बेसमेंटमध्ये उतरवला होता. बंद जागेत त्याच्या धुराने माणूस गुदमरून मरू शकतो. आमच्या वॉचमननी आरडाओरडा करून तो वर आणायला लावला आणि फक्त पाइप खाली सोडायला सांगितला. फसवणूक सुरू झाली ती पाणी गेल्यानंतर.

तळाशी बोटभर गाळ होता. तो ओला असतानाच खरवडून काढायचा, जमीन धुवायची आणि मग जंतुनाशक वापरायचे, असा क्रम असतो. त्यांच्या माणसांनी वरवरचा गाळ ओढला आणि उरलेल्यावर ब्लिचिंग पावडर फेकली. गाळातल्या घाणीवरच क्लोरीन खर्ची पडते, खालच्या जमिनीपर्यंत त्याचा उपयोग पोचत नाही. पण वास असा जबरदस्त सुटला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीसुद्धा ‘आता स्वच्छ वाटतंय’ असे सांगितले. शिवाय गोदामांतले भिजलेले खोके, लाकडी रॅक आणि एक जुना फ्रीज त्यांनी ‘बुरशी पसरेल’ म्हणून टेम्पोत भरून नेले. विमा कंपनीचा सर्व्हेअर तीन दिवसांनी आला, तेव्हा दाखवायला ना माल होता ना त्याचे फोटो. दुकानदारांच्या दाव्याला तिथेच कात्री लागली, आणि त्यांच्याशी आमचे संबंध आजही पूर्वीसारखे नाहीत.

आता मुख्य भाग. त्यांनी हवेतली आर्द्रता ओढणारी चार यंत्रे आणि सहा मोठे पंखे आणले. यंत्रामागे दिवसाला २,००० रुपये भाडे, चौदा दिवस. म्हणजे नुसत्या यंत्रांचेच १ लाख १२ हजार. पावसाळ्यात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे दारे उघडून पंखे लावले तर ती दमट हवा बेसमेंटच्या थंड जमिनीवर येऊन आणखी ओल धरते. म्हणून रॅम्पचे तोंड ताडपत्रीने बंद करून आतली हवा यंत्रातून फिरवावी लागते आणि त्यातून निघणारे पाणी बादलीत किंवा पाइपने मोरीत जाते. आमचा रॅम्प चौदाही दिवस उघडा होता. म्हणजे आम्ही अख्ख्या ठाण्याची हवा कोरडी करायला बसलो होतो.

पाचव्या दिवशी वॉचमन मला म्हणाले, ‘साहेब, त्या तीन मशिनींतून पाणीच पडत नाही. नुसता पंखा फिरतो. बादली मी एकदाही ओतली नाही.’ मी खाली जाऊन पाहिले. यंत्रांवर हिरवे दिवे होते, घरघर चालू होती. मी त्या गृहस्थांना फोन केला, तेव्हा ‘ओल आतून निघते, बादलीत दिसायला वेळ लागतो’ असे उत्तर मिळाले आणि ते मी मानले. वॉचमनपेक्षा लेटरहेडवर माझा विश्वास जास्त बसला, याची लाज मला पैशांपेक्षा अधिक वाटते.

चौदाव्या दिवशी त्यांनी ओल मोजण्याचे मीटर आणले. दोन टोकदार पिना खांबाला टेकवल्या, हिरवा आकडा आला, आम्ही फोटो काढले. तो फोटो आजही माझ्याकडे आहे. पुराच्या पाण्याची मातकट रेघ खांबावर मांडीच्या उंचीला आहे आणि मीटर टेकवलेला आहे त्या गृहस्थांच्या खांद्याशी. जिथे पाणी कधी पोचलेच नाही, तिथली कोरडी जागा आम्हाला कोरडी म्हणून दाखवण्यात आली. शिवाय मीटरवरची मोजपट्टी लाकडातली ओल मोजण्यासाठीची होती, अशा खांबासाठीची नव्हती, हे नंतर आमच्याच एका सभासदाच्या इंजिनिअर भाच्याने ओळखले. त्याच संध्याकाळी बुरशीनाशक म्हणून धुराची फवारणी झाली, दुसऱ्या दिवशी प्रायमर आणि रंग लागला, आणि मी उरलेला चेक दिला.

तीन आठवड्यांत रंगाला फोड आले, मग पोपडे सुटले, मग गिलाव्यावर पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, फुटला आणि कुबट वास लिफ्टपर्यंत चढला. फोन आधी वाजत राहिला, मग बंद लागू लागला. बिलावरच्या पत्त्यावर एक झेरॉक्सचे दुकान निघाले. पोलिसांत तक्रार अर्ज दिला आहे. हा व्यवहारातला वाद आहे की फसवणूक, यावरच अजून चर्चा चालू आहे. विमा कंपनीने सुकवण्याच्या खर्चासाठी रोजची नोंद मागितली, म्हणजे यंत्र किती तास चालले, किती पाणी निघाले, कोणत्या ठिकाणी किती ओल होती. आमच्याकडे हिरव्या दिव्यांचे फोटो होते.

त्या भाच्याने शेवटी एक सोपी गोष्ट करून दाखवली. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि १६ तास तसेच राहू दिले. उघडले तेव्हा आतून थेंब लोंबत होते आणि खालचे काँक्रीट काळपट पडले होते. एवढी तपासणी आम्ही शेवटचा चेक देण्याआधी करू शकलो असतो.

रंग आणि सडलेला गिलावा कमरेपर्यंत खरवडून काढला, रॅम्पला ताडपत्री लावली आणि एकच यंत्र स्वतः भाड्याने आणले. पाण्याची नोंद वॉचमन गेटच्या रजिस्टरात ठेवत होते. पहिल्या दिवशी २२ लिटर निघाले. त्या आधीच्या चौदा दिवसांची त्यांनी स्वतःहून ठेवलेली नोंदही त्याच रजिस्टरात, मागच्या पानांवर सापडली. चौथ्या यंत्रापुढे रोज चार-पाच लिटर आणि बाकीच्या तिघांपुढे रेघ. तक्रार अर्जाला आता त्याच पानांच्या प्रती जोडल्या आहेत.