दिवाळी अंकाचं वेळापत्रक: पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप सोडलं आणि गूगल शीट्सवर आलो

आमचा छोटासा दिवाळी अंक आहे, १६० पानं म्हणजे १० फॉर्मे (छपाईचा एक फॉर्मा १६ पानांचा), माणसं तीन आणि तिघांच्याही नोकऱ्या. दरवर्षीची बोंब एकच, दिवाळी सरकते. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे थेट ८ नोव्हेंबरला. मग जुन्या वहीतल्या तारखांचा उपयोग शून्य, उपयोग असतो तो फक्त 'प्रकाशनाच्या इतके दिवस आधी' एवढ्याचाच.

गेल्या वर्षी एका प्रोजेक्ट मॅनेजमेंट अ‍ॅपचं वर्षाचं पॅकेज घेतलं (नाव नको). टेम्प्लेट बनवा, तारखा आपोआप येतात असं सांगितलेलं, आणि येतात हो, पण फक्त प्रोजेक्ट सुरू होतो त्या तारखेपासून पुढे मोजून. आमचं सगळं उलटं, शेवट ठरलेला आणि सुरुवात त्यावरून काढायची. म्हणजे 'प्रूफं प्रकाशनाआधी ३० दिवस' हे मी बोटं मोजत 'सुरुवातीनंतर ९२ दिवस' असं भरत बसलो. तेही चाललं असतं, पण ३० सप्टेंबरचा हॉल ऐनवेळी हातचा गेला आणि प्रकाशन ५ ऑक्टोबरवर ढकललं तेव्हा कळलं की टेम्प्लेटमधून एकदा तारखा पडल्या की त्या थिजतात. ४३ कामं, एकेक उघडून हाताने बदलली, रात्री दीडपर्यंत. सपोर्टला मेल टाकला तर उत्तर आलं, नवीन प्रोजेक्ट तयार करा. अरे बाबा, निम्मी कामं झालीयेत की त्यातली!

यंदा शीट्स. वर एका सेलमध्ये लक्ष्मीपूजनाची तारीख, त्याखाली तीच वजा २१ म्हणजे प्रकाशन, १८ ऑक्टोबर. बाकी सगळं त्या एका सेलला लटकवलेलं. लेखकांची मुदत सरळ वजा ७५, आली ४ ऑगस्ट. तिथे सुट्ट्या धरायची गरजच नाही, लेखक रविवारीच लिहितात (लिहितात तेव्हा).

खरी गंमत छपाईची. आमच्या प्रेसला कामाचे १५ दिवस लागतात आणि शनिवारी प्रेस चालू असते. साधा वर्कडे फॉर्म्युला (सुट्ट्या वगळून कामाचे दिवस मोजतो तो) टाकला, सुट्टीत २ ऑक्टोबर धरला, फाइल द्यायची तारीख आली २५ सप्टेंबर. म्हणजे अनंत चतुर्दशी! ती यादीत टाकायची मी विसरलो होतो, त्या दिवशी पुण्यात फाइल घेऊन प्रेसपर्यंत पोचणार कोण? मग कळलं की साधा वर्कडे शनिवारही सुट्टी धरतो, त्याचा थोरला भाऊ आहे वर्कडे डॉट इंटल, त्यात तिसऱ्या जागी ११ लिहिलं की फक्त रविवार सुट्टी. तसं केल्यावर ३० सप्टेंबर आली. एका आकड्यात पाच दिवस हाती लागले, डीटीपीवाल्याला (अंकाची पानं जुळवतो तो) सांगितलं तर त्याने चहा पाजला.

आणखी एक लक्षात आलं, गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन हे अंतर २०२४, २०२५, २०२६ तिन्ही वर्षी ५५ दिवसच आहे, कारण दोन्ही तिथीवर चालतात. त्यामुळे 'गणपतीच्या आधी मुखपृष्ठ फायनल' ही आमच्या जुन्या संपादकांची सवय काही उगाच नव्हती. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर मात्र जागचे हलत नाहीत, म्हणून सुट्ट्यांची यादी दरवर्षी नव्याने भरावीच लागते.

तक्रारी शीट्सबद्दलही आहेत. फाइलचं लोकेल, म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ते सेटिंग, अमेरिका राहिलं असेल तर ८/११ म्हणजे ११ ऑगस्ट होतो, आमचा अख्खा अंक एकदा आषाढात निघाला होता कागदावर. सेटिंग्जमध्ये जाऊन आधी इंडिया करा. फॉर्म्युला टाकल्यावर तारखेऐवजी ४६२९५ असलं काही दिसलं तर घाबरू नका, फॉरमॅट तारखेचं करा, ती ३० सप्टेंबरच आहे. आणि सगळ्यात मोठा ताप माणसांचा. आमच्यातल्या एकाने एका ज्येष्ठ कवींना आठवडाभर सवलत दिली आणि फॉर्म्युल्याच्या सेलमध्ये सरळ तारीख टाइप केली. झालं, ती ओळ साखळीतून तुटली, पुढे प्रकाशन हलवून बघितलं तर ती एकटीच जागेवर ठाण मांडून. आता तो कॉलम प्रोटेक्ट केलाय, सवलतीला शेजारी वेगळा कॉलम, त्यात नुसते दिवस लिहायचे, ७ किंवा १०.

आठवण करून देणं वगैरे मी शीट्सवर सोडत नाही, मुदत उलटली की ओळ लाल होते एवढंच लावलंय, बाकी फोन मीच करतो. मोठी टीम असेल, एकाचं काम दुसऱ्यावर अडत असेल तर हे पुरणार नाही, कारण प्रूफं उशिरा आली तरी छपाईची तारीख बिचारी तशीच दिसत राहते. आम्हा तिघांना पुरतंय. पाचपैकी चार स्टार, एक त्या लोकेलसाठी कापला.