आठ महिने डॉकर कम्पोज वापरून: डेटाबेस आत ठेवला, फ्रंटएंड परत बाहेर काढला

आमचं वेब ॲप आठ महिने झाले लोकलला, म्हणजे आपापल्या मशीनवर, डॉकर कम्पोजवर चालवतोय. डॉकर प्रत्येक प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो, आणि कम्पोज असे अनेक डबे एका फाईलवरून एकत्र उठवतं. नोडचं बॅकएंड (सर्व्हरची बाजू), पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस हा मेमरीतला डेटा स्टोअर आणि पुढे रिॲक्टचं फ्रंटएंड (ब्राउझरची बाजू), एवढाच पसारा. त्याआधी रीडमीत सेटअपच्या सव्वीस स्टेप्स होत्या, त्यातली नववी कुणाच्याच मशीनवर पहिल्या फटक्यात चालायची नाही, कुणाकडे पोस्टग्रेस १३ तर कुणाकडे १५, आणि "माझ्याकडे तर चालतंय" हे दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळायचं. तो प्रकार संपला, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरीच रड लावणारे.

पहिला अख्खा दिवस एका पोर्टवर घालवला. माझ्या मशीनवर जुना पोस्टग्रेस ५४३२ हा पोर्ट धरून बसलेला, म्हणून कम्पोज फाईलमध्ये मॅपिंग ५४३३:५४३२ केलं (बाहेर ५४३३, कंटेनरच्या आत ५४३२) आणि शहाणपणा करून ॲपच्या एन्व्हमध्येही, म्हणजे सेटिंग्जमध्येही, ५४३३ टाकला. कनेक्शन रिफ्यूज्ड. होस्टला आधी लोकलहोस्ट लिहिलं होतं, मग कळलं की कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, तिथे सर्व्हिसचं नाव लिहायचं असतं, आमच्याकडे "डीबी". ते बदललं तरी तेच. शेवटी डोक्यात प्रकाश पडला की ५४३३ फक्त माझ्या मशीनवरून आत जायचं दार आहे, कंटेनर एकमेकांशी बोलतात ते ५४३२ वरच.

दुसरं म्हणजे डिपेंड्स-ऑन, कम्पोज फाईलमधलं एक सर्व्हिस दुसरीनंतर उठवायचं सेटिंग. नावावरून वाटतं डेटाबेस तयार झाल्यावर ॲप उठेल, पण नुसतं लिहिलं तर ते फक्त डेटाबेसचा कंटेनर सुरू होईपर्यंत थांबतं, आतला पोस्टग्रेस जागा झालाय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे ॲप कधी चालायचं, कधी पडायचं. डीबीला पीजी-इजरेडीचा (पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारी कमांड) हेल्थचेक लावला, डिपेंड्स-ऑनची कंडिशन सर्व्हिस-हेल्दी केली, तेव्हा कुठे शांत झालं.

आता माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) एक इनिट फोल्डर असतो, त्यात एसक्यूएल फाईल टाकली की टेबलं आपोआप बनतात. मी फाईलमध्ये एक कॉलम वाढवला, रीस्टार्ट, काही नाही, परत रीस्टार्ट, काही नाही, इमेज नव्याने बिल्ड केली तरी नाही. त्या स्क्रिप्ट डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तरच चालतात, आणि माझ्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर गेला तरी डेटा टिकवणाऱ्या जागेत, डेटा आधीच होता. (पासवर्डचंही तसंच, एन्व्हमध्ये नंतर बदलून उपयोग नाही.) हे कळल्यावर मोठ्या उत्साहात डॉकर कम्पोज डाऊन मायनस व्ही मारलं. कॉलम आला. आणि आठवडाभर हाताने भरलेला टेस्ट डेटा गेला, कारण मायनस व्ही म्हणजे व्हॉल्यूमसकट साफ. आता मायग्रेशन (टेबलांतले बदल करणाऱ्या स्क्रिप्ट) वेगळी चालवतो आणि टेस्ट डेटा भरणारी सीड स्क्रिप्ट रेपोमध्येच, कोडसोबत, ठेवलीय, जी पहिल्या दिवशीच ठेवायला हवी होती.

इमेजचा टॅगही, म्हणजे व्हर्जनही, पक्का लिहा, लेटेस्टच्या नादी लागू नका. पोस्टग्रेसचं मेजर व्हर्जन बदललं की जुन्या व्हॉल्यूमवर तो उठतच नाही.

स्पीडबद्दल. लिनक्सवर तक्रार नाही. मॅकवर कंटेनर एका लिनक्स व्हीएममध्ये चालतात, त्यामुळे बाइंड माउंटमधली (मशीनवरचा फोल्डर जसाच्या तसा कंटेनरमध्ये दाखवणं) प्रत्येक फाईल ती भिंत ओलांडून वाचली जाते, आणि नोड-मॉड्यूल्स या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये तर हजारो चिल्लर फायली. शिवाय मॅकवर इन्स्टॉल केलेलं नेटिव्ह पॅकेज (त्या मशीनसाठीच कम्पाइल झालेलं) कंटेनरमध्ये गेलं की इनव्हॅलिड ईएलएफ हेडर म्हणून मरतं. दोन्हीवर उपाय एकच, नोड-मॉड्यूल्सला वेगळं व्हॉल्यूम द्या. पण मग पॅकेज-जेसनमध्ये नवीन पॅकेज आलं, इमेज बिल्ड झाली, तरी ॲप म्हणतं मॉड्यूल सापडत नाही, कारण जुनंच व्हॉल्यूम वर येऊन बसलेलं. अप करताना कॅपिटल व्ही दिला की अनामिक व्हॉल्यूम नवं बनतं, हा ऑप्शन सापडायला मला तीन महिने लागले!

लिनक्सवाल्या सहकाऱ्याचं दुखणं वेगळंच, कंटेनरने बनवलेल्या फायली रूटच्या नावावर, मग ब्रँच बदलताना गिट परमिशन डिनाइड म्हणून ओरडणार. सर्व्हिसला यूजर म्हणून त्याचा यूआयडी (लिनक्समधला यूजर नंबर) दिला, सुटलं.

बिल्डचं एकच सांगतो. डॉकरफाईलमध्ये (इमेज बनवायच्या पायऱ्यांची फाईल) आधी फक्त पॅकेजच्या दोन फायली कॉपी करा, मग इन्स्टॉल, मग बाकी कोड. आमच्याकडे उलटं होतं, म्हणजे एक ओळ बदलली की सगळी पॅकेजेस पहिल्यापासून. आणि डॉकरने किती डिस्क खाल्ली ते दाखवणारी डॉकर सिस्टम डीएफ कमांड अधूनमधून बघत जा, माझा बिल्ड कॅशच ३० जीबीच्या वर गेला होता.

जुन्या ट्युटोरियलमध्ये मध्ये डॅश असलेली कम्पोज कमांड दिसेल, त्या व्ही१ चा सपोर्ट जुलै २०२३ मध्येच बंद झालाय, आता मध्ये स्पेस. फाईलीत वरती व्हर्जनची ओळ असते तीही काढून टाका, नुसतं वॉर्निंग देत बसते.

फ्रंटएंड मात्र मी पाचव्या महिन्यात बाहेर काढलं. हॉट रीलोड (कोड सेव्ह केला की ॲप आपोआप ताजं होणं) कधी व्हायचा, कधी नाही, पोलिंग (फायली सतत तपासत राहणं) चालू केलं तर लॅपटॉपचा पंखा सुरू. आता डीबी, रेडिस आणि बॅकएंड आत, रिॲक्ट सरळ मशीनवर, सेव्ह केलं की लगेच दिसतं. टीममधल्या एकाला हे अजिबात पटलेलं नाही, कारण रिॲक्ट आता ज्याच्या-त्याच्या मशीनवरच्या नोडवर चालतं, आणि मागच्याच आठवड्यात त्याच्याकडे नोडचं जुनं व्हर्जन निघालं तेव्हा त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली एवढंच लिहिलेलं, "माझ्याकडे चालत नाहीये".