पोलो जीटी, कॉइलओव्हर आणि कॅम्बर प्लेट: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

"सर, कॉइलओव्हरला एवढा आवाज येतोच." सेट जिथून बसवून घेतला त्या दुकानातल्या पोराचं हे वाक्य ऐकून ऐकून माझं पाठ झालंय आणि त्याच वैतागात लिहायला बसलोय. दुकानाचं नाव आणि सेटचा ब्रँड दोन्ही मुद्दाम टाकत नाहीये, भांडण अजून चालू आहे. (कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला, उंची बदलता येणारा सस्पेन्शनचा सेट.) गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ वाली, रोजची वारजे ते हिंजवडी, आणि सुट्टी जुळली की कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे, म्हणजे रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस. बाकी स्पेक सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

आधी हे की बदलायचं कशाला. करी म्हणजे जेमतेम २.१ किमीचा ट्रॅक, एक वळण संपतंय तोवर दुसरं, त्यामुळे तिथं इंजिनची ताकद लवकर पुरते आणि पुढचे टायर लवकर हरतात. गाडी वळणात एका बाजूला झुकली की मॅकफर्सन स्ट्रटवालं (शॉकअप आणि स्प्रिंगच्या एका उभ्या खांबावर बसलेलं) पुढचं चाकपण बाहेरच्या बाजूला कलतं, टायर त्याच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागतो आणि स्टिअरिंग कितीही वळवा गाडी सरळच निघते. सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या टेम्परेचर गन लावली तर बाहेरची कड आतल्यापेक्षा पंधरा-वीस डिग्री जास्त. गन फक्त वरचा पापुद्रा मोजते, सुईवाला मीटर जास्त खरा, पण एवढा फरक गनलाही कळतो. आणि टायरकडे नुसतं बघूनही कळत होतं, आतला अर्धा भाग नव्यासारखा आणि बाहेरचा खांदा खरवडलेला. जोडीची किंमत आठवली की अजूनच कळतं!

तर मला हवा होता निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे उभ्या गाडीतच चाक वरून थोडं आत झुकलेलं. स्विफ्टवगैरेंमध्ये स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टांनी बसतो, तिथं कॅम्बर बोल्ट घालून हजारा-दोन हजारांत काम भागतं. पोलोत स्ट्रट नकलच्या खाचेत क्लॅम्प होतो, त्यामुळे तो स्वस्त रस्ता बंद, मग वरून कॅम्बर प्लेट, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक आत-बाहेर सरकवता येणारी प्लेट.

पर्याय खूप बघितले. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग सगळ्यात स्वस्त, पण कडक स्प्रिंग आणि त्याखाली साठ-सत्तर हजार किमी झालेले जुने शॉकअप म्हणजे खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत राहणार, कारण स्प्रिंग वजन पेलते आणि ती झुलणं थांबवण्याचं काम शॉकअपचं असतं. बिल्स्टीन बी६ कंपनीच्या उंचीसाठी, बी८ खाली केलेल्या गाडीसाठी, दोन्ही चांगले, पण कॅम्बरचा प्रश्न तसाच राहतो. बी१४ किंवा केडब्ल्यू व्ही१ मध्ये उंची बदलता येते, डॅम्पिंग (शॉकअपचा कडकपणा) नाही. डॅम्पिंगची नॉब हवी तर बी१६ किंवा व्ही२, आणि रिबाउंड-कॉम्प्रेशन (शॉकअप सुटतानाचा आणि दबतानाचा कडकपणा) वेगवेगळं हवं तर व्ही३, म्हणजे कस्टम्स धरून किंमत ऐकली की गप्प बसायचं. मी घेतला तो यांपैकी नाही, मधल्या किमतीचा, वर कॅम्बर प्लेट लागूनच आलेल्या, डॅम्पिंगची नॉब, सगळं मिळून लाखाच्या वर गेलं आणि घरी मी लाखाच्या आतला आकडा सांगितलाय.

बसवल्यानंतर पहिल्याच ट्रॅक डेला जे वाटलं ते सांगतो. पुढे कॅम्बर उणे सव्वादोन डिग्रीच्या आसपास, अलाइनमेंट नव्याने (कॅम्बर बदलला की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, बदलतोच, ते केल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका), आणि पहिल्या दोन लॅपमध्येच जाणवलं की गाडी नाक आत घालतेय. जिथं आधी वाट बघत बसायचो तिथं आता अ‍ॅक्सिलेटर देता येतो. संध्याकाळी टायर बघितले तर रबर पूर्ण रुंदीभर सारखं घासलेलं, गनवरचा फरक जवळपास गेलेला. आनंद झाला तो पैसे वाचल्याचा जास्त, खोटं कशाला बोलू.

पण मग उतरतीला लागलं ते उंचीचं प्रकरण. दुकानाने गाडी बसवताना भरपूर खाली घेतली होती, फोटोत मस्त दिसते म्हणून. सगळे म्हणतात खाली म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली म्हणजे ग्रिप. अर्धं खरं आहे. मॅकफर्सनमध्ये गाडी फार खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आडवा होऊन पुढे उलट्या कोनात जातो, मग रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या वजनबिंदूपेक्षा जास्त खाली घसरतो, म्हणजे झुकायला तरफ उलट लांब मिळते, वर दाबल्यावर कॅम्बर वाढायचा तो कमी होतो, आणि शॉकअपचा दांडा बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटतो तेव्हा चाकावरची पकड एकदम झटक्यात सुटते. माझ्या गाडीत उजव्या-डाव्या बदलात नेमकं हेच होत होतं. खालचा ब्रॅकेट फिरवून उंची दीड-दोन सेंटिमीटर परत वर घेतली (वरच्या रिंगने नाही, त्याने प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून बसण्याची) भानगड होते, खालच्या ब्रॅकेटने शॉकअपचा ट्रॅव्हल तसाच राहतो) आणि गाडी ट्रॅकवर जास्त शांत झाली. फोटोत तेवढी भारी दिसत नाही. चालेल.

वर घेतल्याचा दुसरा फायदा आमच्या सोसायटीचा गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ म्हणतं गोलाकार हंप ३.७ मीटर लांब आणि १० सेंमी उंच. आमच्या कमिटीने गेटवर जे बांधलंय ते उंचीला त्याच्या वर आणि लांबीला एका पेव्हर ब्लॉकच्या ओळीएवढं. तिरकी घातली तरच निघते, आणि वॉचमन मागून ओरडतो "साहेब, सरळ घ्या की!" आईला मागे बसवून एकदा साताऱ्याला गेलो, सातारा-कागल सहापदरीच्या कामाच्या डायव्हर्जनच्या आधीच ती म्हणाली यापेक्षा एसटीची मागची सीट बरी. रस्त्यावर नॉब पूर्ण सॉफ्ट ठेवा. ट्रॅकवर पण पूर्ण कडक करू नका, एकाच नॉबवाल्या सेटमध्ये ती मुख्यतः रिबाउंड आवळते, लागोपाठ उंचवटे आले की चाक खाली परतायच्या आत पुढचा दणका बसतो आणि गाडी स्वतःला खाली ओढत जाते. मी मधल्याच्या जरा पुढे ठेवतो.

आता तो आवाज. सगळं चांगलं चाललं होतं आणि मे महिन्यात डावीकडून पुढून "खट्" सुरू झालं. मोठ्या खड्ड्यात नाही, तो आवाज परवडला असता. बारीक खडबडीत रस्त्यावर, वीसच्या स्पीडला, खट् खट् खट्, जणू काहीतरी सुटलंय. गाणी लावली तरी माझे कान तिकडेच. दुकानात नेली तर ते वरचं वाक्य. मी म्हणलं, अरे बसवली तेव्हा नव्हता ना, मग "येतोच" कसा? मग म्हणे सर कॅम्बर प्लेटमधलं बेअरिंग गेलं असेल, वॉरंटीत ते धरत नाहीत, दोन्ही बाजूंच्या प्लेट बदला. कोटेशन आलं ते एका चांगल्या टायरएवढं. शिवाय "चेकिंग चार्ज" वेगळा घेतला, गाडी वर उचलून खाली ठेवण्याचा.

दुकानवाल्याचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या अगदीच खोटा नाही. कंपनीचं टॉप माउंट (स्ट्रट वर बॉडीला जिथं बसतो तो भाग) रबराचं असतं, रस्त्याची बारीक थरथर रबर खातं. कॅम्बर प्लेटमध्ये रबराच्या जागी पिलोबॉल, स्टीलचा गोळा टेफ्लॉनच्या अस्तरात, म्हणून स्टिअरिंगला एवढा नेमका प्रतिसाद मिळतो आणि म्हणूनच माती गेली, अस्तर झिजलं की गोळा खुळखुळतो आणि तो आवाज थेट बॉडीत. म्हणजे ज्या पार्टने टायर वाचवले तोच पार्ट डोकं उठवणार.

पण मला पैसे द्यायचे नव्हते म्हणून सिंहगड रोडला एक जुने गॅरेजवाले काका आहेत त्यांच्याकडे गेलो, ज्यांना कॉइलओव्हर वगैरेचं काही कौतुक नाही. त्यांनी बोनेट उघडून दोन बोटं डाव्या टॉप माउंटच्या नटवर ठेवली, मला म्हणाले बंपरवर भार दे, दाब, सोड, परत दाब. आवाज आला. काका म्हणाले, "वर काही लागत नाही रे बोटाला, खाली आहे हे." मग गाडीखाली सरकून जंपिंग रॉडची (अँटीरोल बारची, गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या रॉडची) लिंक मुठीत धरून हलवली, बॉल जॉइंट बोटभर ढिला, रबर बूट फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी वाळू. गाडी खाली केली तरी लिंक जुन्याच लांबीची ठेवली होती, त्यामुळे ती सतत वाकड्या कोनात काम करत राहिली आणि जॉइंट गेला. नाना पेठेतून अ‍ॅडजस्टेबल लिंकची जोडी आणली, काकांनी अर्ध्या तासात बसवली, गाडी जमिनीवर उभी ठेवून लांबी अशी जुळवली की रॉडला पीळ राहणार नाही. आवाज गायब. पार्ट आणि मजुरी मिळून प्लेटच्या कोटेशनच्या दशांशही नाही. त्या दिवशी मी हा सेट म्हणजे जगातला सर्वोत्तम सेट आहे असं सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

मग पाऊस आला. जुलैत हिंजवडीला जाताना जे गुडघाभर पाणी आणि त्याखालचे खड्डे, त्यानंतर सप्टेंबरात परत आवाज, यावेळी बारीक, कोरडा, स्टिअरिंग जागेवर फिरवलं की कर्र आणि खडबडीवर टक्. काकांनी परत बोटं ठेवली आणि हसले. "आता मात्र वर लागतंय." म्हणजे दुकानवाल्याने मे महिन्यात जे सांगितलं ते सप्टेंबरात खरं झालं, आणि त्याचं त्याला श्रेय द्यायला मी तयार नाही. पिलोबॉल मोजक्या मापांत येतात, नुसता बेअरिंग वेगळा दाबून बसवता येतो, पूर्ण प्लेट बदलायची गरज नसते. तेच केलं, वरून जुन्या ट्यूबची रबरी टोपी कापून बसवली पाणी-माती जाऊ नये म्हणून. दर पावसाळ्यानंतर हे काम निघणार हे धरून चाला. आणि उंचीच्या रिंगांच्या आट्यांवर पावसाळ्याआधी ग्रीस लावा, नाहीतर दिवाळीत हातोडी लागते.

कायद्याचं थोडक्यात, कारण लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ गाडीशी फारकत होईल असा बदल चालत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. इन्शुरन्सच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलंच असतं, म्हणजे ट्रॅकवर ठोकली तर खिसा आपला. मूळ शॉकअप-स्प्रिंग मी बाल्कनीत गुंडाळून ठेवलेत, घरच्यांचा विरोध पत्करून.

मी परत हाच सेट घेईन का? मे महिन्यात विचारलं असतं तर नाही, जूनमध्ये हो, आत्ता म्हणेन की कॅम्बर प्लेट नक्की घेईन, बाकी कॉइलओव्हरचं एवढं अडलेलं नाही. वर्षातून एखाद-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने आधी ब्रेक ऑइल बदलावं, डॉट ४ चा उकळबिंदू ताजा असताना २३० डिग्री आणि पाणी शोषल्यावर १५५ वर येतो, मग चांगले पॅड, मग टायर, आणि सगळ्यात शेवटी हे. नॉब फिरवायला मजा येते म्हणून लोक इथूनच सुरुवात करतात.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पीळ खाणारा आडवा बीम) आहे, तो स्वतःच अर्धा अँटीरोल बारचं काम करतो, त्यावर जाड रॉड लावून मागचं आतलं चाक उचलवायचं ही पुढची पायरी बरेच जण सुचवतात. पुढची पकड वाढल्यापासून मागचं मला आत्ताच पुरेसं हलकं वाटतंय, पावसात कात्रजच्या उतारावर तर नकोच, त्यामुळे रॉडचे पैसे टायरकडे वळवलेत. १९५/५५ आर१६ मध्ये कमी ट्रेडवेअरचं (मऊ रबराचं, जास्त पकडीचं) काही बरं मिळत असेल तर सांगा, मला जे दोन डीलर भेटले त्यांच्याकडे "पन्नास हजार किमी चालेल सर" वालेच टायर आहेत.