बाथरूमच्या लाइनवर आरसीसीबी: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

दादरच्या जुन्या इमारतीतलं आमचं बाथरूम एवढंसं. आंघोळ, कपडे धुणं, गिझर, वॉशिंग मशीन सगळं तिथेच, आणि शॉवर नि पॉवर पॉइंटमध्ये जेमतेम हातभर अंतर. एप्रिलमध्ये त्या लाइनवर वेगळा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घेतला. आता दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

"एमसीबी आहे ना घरात, मग हे कशाला?" असं सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. एमसीबी म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की बंद होणारा स्विच. तो वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपियरच्या एमसीबीला ५० मिलिअँपियर म्हणजे काहीच नाही, पण तेवढा करंट अंगातून गेला तर जीव जाऊ शकतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ०.३ सेकंदांच्या आत लाइन तोडतो, यालाच आरसीसीबी 'पडणं' म्हणतात.

खरेदी लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात केली. एका दुकानात "१०० मिलिअँपियरचा न्या, सारखा पडणार नाही" असा सल्ला मिळाला. तो अजिबात ऐकू नका. माणसाच्या बचावासाठी ३० चाच हवा. आयएसआय मार्क आणि आयएस १२६४० हा क्रमांक बघून घ्या. आमच्या मशीनची मोटर इन्व्हर्टरवाली आहे, म्हणून 'ए' टाइप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून होणारी गळतीही ओळखणारा, घेतला.

बसवला आणि गिझर लावताच पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. वायरमन म्हणाला, "ताई, पीसच खराब आहे, डायरेक्ट करून देतो." म्हणजे आरसीसीबी वगळून लाइन जोडतो. मी नाही म्हटलं आणि दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने तासभर वायरी शोधल्या, तेव्हा कळलं की गिझरचा फेज बाथरूमच्या लाइनचा, पण न्यूट्रल पॅसेजच्या दिव्याच्या न्यूट्रलला जोडलेला. परतीचा करंट भलत्याच वाटेने जात होता, मग आरसीसीबी पडणारच. जुन्या घरांत हे फार आढळतं. तुमच्याकडेही बसवताक्षणी पडत असेल तर आधी न्यूट्रल तपासा.

जुना सॉकेटही उघडला. पितळी टर्मिनलवर हिरवट थर, न्यूट्रलची वायर टोकाला काळी पडलेली, आणि वरचं अर्थिंगचं मोठं भोक मागून रिकामं. वायरच जोडलेली नव्हती. तीन पिनांचा प्लग दिसतो म्हणून घरातले सगळे निर्धास्त असतात! आम्ही मीटर बोर्डपासून अर्थिंगची नवी वायर ओढून घेतली. अर्थिंग नसतानाही आरसीसीबी पडतो, पण माणसाचा हात लागून करंट त्याच्यातून गेल्यावर. अर्थिंग असेल तर लीकेज सुरू होताच पडतो.

याची प्रचिती जुलैत आली. सकाळी गिझर लावला की पाच-दहा मिनिटांत लाइट जायचा. मशीन मात्र व्यवस्थित चालत होतं, म्हणजे दोष गिझरमध्येच. वायरमनने मेगर (करंट कुठे गळतो ते तपासायचं मीटर) लावला, तर एलिमेंटचं आवरण तडकलेलं आणि पाण्यात करंट उतरत होता. घरातलं कोणी बालदीत हात घालण्याआधीच लाइन तुटत होती. त्या दिवसापासून सासूबाईंनीही परत कधी "कशाला?" विचारलं नाही. नवा एलिमेंट बसवल्यावर एकदाही विनाकारण पडलेला नाही, भिंतींना ओल येणाऱ्या ऑगस्टमध्येसुद्धा.

सॉकेटवर बसवायचं प्लास्टिकचं झाकणही आधी वापरून पाहिलं. १६ अँपियरचा जाडा प्लग आत असला की ते बंदच होत नाही, त्यामुळे ऐन आंघोळीच्या वेळी निरुपयोगी. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीलाही कळत नाही, कारण जाणारा-येणारा करंट सारखाच राहतो. म्हणून ओल्या जागेतला सॉकेट हलवणं गरजेचंच. आंतरराष्ट्रीय नियमात शॉवरच्या जागेपासून किमान ६० सेंटिमीटरपर्यंत साधा सॉकेट नको असं आहे, आमच्या बाथरूममध्ये तेवढी भिंतच नाही. मशीनचा पॉइंट दाराबाहेर घेतला, गिझरची वायर थेट जोडून त्याचा इंडिकेटरवाला डीपी स्विचही (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) बाहेर लावला.

खर्चाचं म्हणाल तर आरसीसीबीपेक्षा वायरिंग सुधारण्यालाच जास्त पैसे गेले. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी लावू नका, रात्री पडला तर फ्रिजही बंद. आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, एमसीबी सोबत हवाच, किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ घ्या. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. त्या बटणाने फक्त आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. आमच्या सोसायटीचा अर्थ पिट (अर्थिंगची वायर जमिनीत उतरते तो खड्डा) कोरडा पडलाय का, हे बघायला मी सेक्रेटरींच्या मागे लागले आहे.