अनामत म्हणून घेतली, देणगी म्हणून लिहिली

गोव्यातल्या फोंडा आणि डिचोली तालुक्यांतली आम्ही अकरा कुटुंबं. ध्यान शिकवणाऱ्या एका संस्थेला परतीच्या बोलीवर दिलेली अनामत प्रत्येकी ३,५०,००० रुपये, म्हणजे ३८,५०,०००. त्यातल्या चौघांनी नंतर आणखी दोन-दोन लाख दिले. एकूण ४६,५०,०००. शिबिरांचं शुल्क, दीक्षेचे २१,००० आणि गुरूंच्या जवळच्या ‘निकट’ मंडळात घेताना घेतलेले ५१,००० यात धरलेले नाहीत, कारण ते परत देऊ असं कोणी म्हटलं नव्हतं. परत मिळणार होती ती अनामत. त्यातला एक रुपयाही आजवर हातात आलेला नाही.

संस्थेचं नाव वकिलांनी लिहू दिलेलं नाही. पण ही पद्धत एका संस्थेपुरती नाही, म्हणून ती लिहून ठेवतो आहोत.

‘शिकलेली माणसं अशी कशी फसली?’ हे ऐकून कान किटले आहेत. आमच्यात दोन निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि बँकेत ३१ वर्षं काढलेले एक गृहस्थ आहेत. अंगारे, गंडेदोरे, चमत्कार यातलं तिथं काहीच नव्हतं. असतं तर पहिल्याच दिवशी उठून आलो असतो. पहाटे साडेपाचला वर्ग, चाळीस मिनिटं श्वासावर लक्ष, मग अर्धा तास मौन. शिकवणारे मनापासून शिकवत होते आणि त्याचा उपयोग होत होता. आमची चूक झाली ती ध्यानाला जाण्यात नाही. जे ध्यान चांगलं शिकवतात त्यांचा हिशेबही चांगलाच असणार असं धरून चाललो, तिथं चुकलो.

अशा ठिकाणी खरा व्यवहार चालतो तो गुरूंच्या जवळ जाण्याचा. आधी शिबिरार्थी, मग सेवक, मग ‘निकट’, मग ‘अंतरंग’. शिबिरार्थी सभागृहात मागे बसतो, अंतरंगातला पहिल्या दोन रांगांत. शिबिरार्थ्याला वर्षातून एकदा रांगेतून नमस्कार, अंतरंगातल्याला महिन्यातून एकदा समोर बसून वीस मिनिटं. पायरी कोणी ठरवायची याचा नियम कुठंच लिहिलेला नसतो. ठरवतात ते गुरूंच्या दाराशी बसलेले चार-पाचजण. आमच्याकडे गुरू दीर्घ मौनात होते. त्यांचा ‘निरोप’ यायचा एका ताईंच्या तोंडून, कधी छोट्या चिठ्ठीवर. तो खरंच त्यांचा आहे का, हे विचारणं म्हणजेच अहंकार. गुरू मौनात गेले आणि निरोप एकाच व्यक्तीकडून येऊ लागले, की त्या दिवसापासून त्या संस्थेला एक रुपयाही देऊ नका.

हे नवीन नाही. रजनीशांचा इतिहास मराठी माणसाला तरी माहीत असायला हवा होता. १९७४ पासून ते पुण्यात कोरेगाव पार्कला होते. १९८१ मध्ये अमेरिकेत गेले, ऑरेगनमध्ये वसाहत उभी राहिली आणि त्याच वर्षी त्यांनी जाहीर मौन धरलं ते १९८४ पर्यंत. त्या काळात सगळा कारभार आणि सगळे ‘आदेश’ सचिव मा आनंद शीला यांच्या हातून. सप्टेंबर १९८५ मध्ये त्या आपल्या माणसांसह निघून गेल्या आणि गुरूंनीच त्यांच्यावर जाहीर आरोप केले. १९८६ मध्ये त्यांना शिक्षा झाली. त्या गुन्ह्यांत गुरूंच्या स्वतःच्या डॉक्टरांच्या खुनाचा प्रयत्न होता आणि आपल्याच वसाहतीतली संभाषणं चोरून ऐकणंही होतं. म्हणजे भांडण फक्त बाहेरच्यांशी नव्हतं, गुरूंच्या खोलीच्या आतल्या वर्तुळातलंही होतं. पुढं १९८९ मध्ये कारभारासाठी एकवीस जणांचं अंतर्मंडळ नेमलं गेलं. १९९० मध्ये रजनीश गेल्यावर मालमत्तेवरून आणि मृत्युपत्रावरून वाद सुरू झाले ते कोर्टापर्यंत पोहोचले. आमच्या संस्थेचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण दाराशी बसलेला माणूस मालक कसा होतो, हे तिथं सगळ्या जगानं पाहिलं आहे.

आमच्याकडेही दोन गट होते, हे फार उशिरा कळलं. एक गुरूंच्या नातेवाइकांचा, जुना. दुसरा या ताईंचा. नातेवाइकांकडे आश्रमाची इमारत होती, ताईंकडे माणसं. सत्तरी तालुक्यात ‘साधना-ग्राम’ उभं करून द्यायचं आणि गुरूंना तिकडं न्यायचं, म्हणजे जुना गट आपोआप बाजूला पडतो, असा तो डाव होता. त्यासाठी जमिनीचा पैसा हवा होता. आमची अनामत ही त्या भांडणातली रसद होती. आम्हाला सांगितलं ते एवढंच: साडेतीन लाख भरा, ग्रामात तुमच्या नावची खोली, हयात असेपर्यंत, नको झाली तर तीन महिन्यांच्या सूचनेवर पैसे परत.

आता त्या पावतीबद्दल. रात्री अजूनही तीच डोळ्यांसमोर येते.

पावतीपुस्तक नेहमीचं होतं, वर पांढरी प्रत, खाली गुलाबी, मध्ये निळा कार्बन. वर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, खाली रकाने: नाव, पत्ता, रक्कम, कारण. हिशेब बघणाऱ्या मुलानं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिली. मग दोन बोटांनी कार्बन ओढून बाजूला ठेवला, आणि त्यानंतर ‘कारण’ या रकान्यात लिहिलं: अनामत. वर पाहून म्हणाला, “काका, झालंच, तुम्ही प्रसाद घेऊन जावा.” गुलाबी प्रतीवर तो रकाना कोरा राहिला. तिथं मागाहून लिहिलं गेलं: देणगी. कार्बन काढताना आमच्यातल्या तिघांनी तरी पाहिलं होतं. बँकेत ३१ वर्षं काढलेल्या माणसानं पाहिलं होतं. पण समोर गुरूंचा फोटो, शेजारी ताई हात जोडून उभ्या, मागे रांग. ‘कार्बन का काढलास?’ हे तीन शब्द कोणाच्या तोंडून फुटले नाहीत. पावती घेताना खालची प्रत उघडून दाखवायला सांगा आणि तिथंच फोनमध्ये तिचा फोटो काढा. दाखवत नसतील तर चेक परत मागा.

दुसरी खूण त्याच दिवशी होती. साडेतीन लाखांतले १,००,००० संस्थेच्या नावे चेकनं घेतले. उरलेले २,५०,००० ‘बांधकामाचं खातं वेगळं आहे’ म्हणून एका एंटरप्रायझेसच्या खात्यात पाठवायला लावले. ते खातं एकट्या मालकाचं होतं आणि तो मालक म्हणजे ताईंचा भाऊ. संस्थेच्या पुस्तकात या अडीच लाखांचा मागमूस नाही. नंतरचे दोन लाखही त्याच खात्यात गेले. पावतीवरचं नाव आणि खात्याचं नाव अक्षरशः एकच असलं पाहिजे, ‘वेगळं खातं’ हा शब्द आला की तिथंच थांबा.

तिसरी खूण मे महिन्यात घरी आली. एक लाखाचं फॉर्म १०बीई, म्हणजे आयकरात सवलत देणाऱ्या ८०जी कलमाखालच्या देणगीचं प्रमाणपत्र. परत मिळणाऱ्या अनामतीवर देणगीचं प्रमाणपत्र कधीच निघत नाही. ते हातात पडलं त्या दिवशी पत्र लिहून विचारायला हवं होतं. आमच्यातल्या सहाजणांनी ते विवरणपत्रात जोडून करसवलत घेतली. आता समोरचा वकील तोच कागद पुढं करतो: तुम्हीच सरकारला देणगी म्हणून सांगितलंत. चार्टर्ड अकाउंटंटनं भरून दिलं, आम्ही सही केली, एवढंच आमच्याकडे उत्तर आहे. (रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर ८०जीची सवलत मिळतच नाही. तरीही दीक्षेचे २१,००० रोखीनंच मागितले गेले. तेव्हाही कोणी बोललं नाही.)

जमिनीचं तर दोन मिनिटांत कळलं असतं. गोव्यात फॉर्म १ व १४ चा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे त्याचा, उतारा सर्व्हे नंबर घालून कोणालाही पाहता येतो. आम्हाला लाल रेषा मारलेला रंगीत नकाशा दाखवला, सर्व्हे नंबर विचारला तर ‘निरोप येईल’. शेवटी आम्हीच शोधून उतारा काढला. कब्जेदार म्हणून एका कुटुंबातली नऊ नावं, कुळाच्या रकान्यात आणखी एक नाव, संस्थेचं नाव कुठंच नाही. भू-महसूल संहितेच्या कलम ३२ खालची सनद, म्हणजे बिगरशेती वापराचा परवाना, नाही, म्हणजे तिथं खोल्या बांधायची परवानगीच नव्हती. जिथं कूळ आहे आणि सनद नाही, तिथल्या ‘तुमच्या नावच्या खोली’ला काही अर्थ नाही.

वहीबद्दल लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच हवं. ‘निकट’मध्ये गेल्यावर आत्मनिवेदनाची वही देतात. रोज रात्री मनातलं सगळं लिहायचं: राग, वासना, घरातली भांडणं, पैशाची चिंता. दर रविवारी वही ताईंच्या खोलीत जमा. ते शुद्धीसाठी आहे असं आम्ही समजलो. त्यातूनच कोणाची मुदतठेव कधी संपते, कोणाच्या मुलानं बोटीवरून पैसे पाठवले, कोणाचं भाट (नारळाची बाग) विकलं गेलं, हे त्यांना कळत होतं. मागणी नेमकी त्याच आठवड्यात यायची. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या साधकाबद्दल काय वाटतं तेही लिहायला सांगत, आणि कोण किती निष्ठावान हे त्यावरून ठरे. हिशेब मागणाऱ्या एका बाईंबद्दल आमच्यातल्याच दोघांनी ‘नकारात्मक’ असं लिहिलं. त्यांना तीन आठवड्यांत बाहेर काढलं. त्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न बरोबर होता. त्यांची आम्ही घरी जाऊन माफी मागितली आहे.

गट फुटला तो चवथीच्या आधी. ताई आणि त्यांची माणसं एका रात्रीत आश्रमातून गेली. सोमवारी आम्ही पावत्या घेऊन गेलो, तर विश्वस्त म्हणाले, “ती व्यक्ती संस्थेची कोणीही नाही.” आणि कागदावर ते खरं आहे! संस्था महाराष्ट्रात नोंदलेली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालच्या परिशिष्ट १ मध्ये विश्वस्तांची नावं असतात. तिथं ताईंचं नाव कधीच नव्हतं. अंतरंग मंडळाची घटना नाही, ठराव नाही, सहीचा अधिकार नाही. ज्यांच्या शब्दावर दोनशे माणसं उठत-बसत होती त्यांना कायद्याच्या दृष्टीनं अस्तित्वच नव्हतं. पैसे मागणाऱ्याचं नाव परिशिष्ट १ वर आहे का, हे आधी पाहा. आपल्याकडे देवळाचे महाजन कितीही भांडोत, मझनीच्या, म्हणजे देवस्थानांच्या, नियमावलीखाली मामलेदाराकडे त्यांना हिशेबाचं उत्तर द्यावं लागतं. इथं तेवढाही धाक नव्हता.

मग सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “स्वखुशीनं दिलेत ना?” दुसऱ्या फेरीला: “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” तिसऱ्या फेरीला साहेब रजेवर. चौथ्या फेरीला अर्ज घेतला, पोच दिली नाही. पाचव्या फेरीला पोच दिली आणि अर्ज आर्थिक गुन्हे शाखेकडे पाठवला. तिथं म्हणाले, संस्था महाराष्ट्रातली, तिकडं तक्रार करा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय कार्यालयात आम्ही दोनदा गेलो. उत्तर असं की अडीच लाख संस्थेच्या खात्यात आलेलेच नाहीत, म्हणजे तो आमचा विषय नाही. गोव्यात महाराष्ट्रासारखा धर्मादाय आयुक्त नाही. सोसायटी निबंधकाकडे गेलो तर ही सोसायटी नाही, न्यास आहे. सत्तर-बहात्तर वर्षांची माणसं कदंब बसमधून फायली घेऊन फिरत आहेत आणि प्रत्येक टेबलावर एकच वाक्य: ‘आमच्याकडे येत नाही.’ चोरी झाली आहे की नाही हे कोणी विचारत नाही, फक्त कोणाच्या हद्दीत झाली ते विचारतात. एका अधिकाऱ्यानं तर “ध्यानानं मन शांत झालं नाही का?” असं सर्वांसमोर विचारलं. ज्यांच्या पेन्शनीतले पैसे गेले त्यांना हे ऐकावं लागतं.

तोंडी सांगून काही होत नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हद्दीचं कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाही घेतली तर कलम १७३(४) खाली अधीक्षकांना लेखी, पोस्टानं. तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. आम्ही पाच महिने फेऱ्या मारण्यात घालवले, ते पहिल्या आठवड्यात पत्र टाकून करता आलं असतं. तक्रारीत ‘दान’, ‘सेवा’, ‘समर्पण’ हे शब्द चुकूनही वापरू नका. ‘परत देण्याच्या कबुलीवर घेतलेली ठेव’ असं लिहा. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा २०१९ चा कायदा आणि गोव्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, दोन्ही त्या शब्दांवर उभे राहतात. २०१९ च्या कायद्यात न्यासही ठेव घेणारा धरला आहे.

पांढऱ्या पावत्या आता अकरा जणांच्या मिळून एका लॉकरमध्ये आहेत. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला आहे. त्या वर्षी ज्यांनी पैसे भरले आणि अजून गप्प आहेत त्यांनी मूळ पावती संस्थेला ‘तपासणीसाठी’ देऊ नये. आमच्याबाहेरच्या दोघांनी दिली, ती परत आली नाही. आणि वह्या आधी मागा, लेखी मागा. आमच्या अजून त्यांच्याकडेच आहेत, आणि गेल्या महिन्यात एकाच्या सुनेला त्यातलं एक पान कोणीतरी फोनवर वाचून दाखवलं.